सब्र करा म्हणण्याआधी

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री जेवताना एका मुलानं मला विचारलं, "आपा, सकाळी सकाळी मौतीवर का बोलायचं?" मी म्हटलं, कारण दुपारी तुम्हाला झोप येते. खरं कारण वेगळं आहे. मोहल्ल्यात कुणी गेलं की पहिला फोन तुम्हा पोरांनाच येतो. मशिदीतून तख्ता आणायचा, कबर खणणाऱ्याला गाठायचं, कफनाचं कापड, बोरीचा पाला, कापूर, येणाऱ्यांसाठी खुर्च्या. दोन-तीन तासांत तुम्ही सगळं उभं करता. कोविडच्या काळात नातेवाईक जवळ यायला तयार नव्हते, तेव्हा आपल्या पोरांनी मुंबईत, पुण्यात आणि कितीतरी लहान गावांत हिंदू-मुस्लिम न बघता माणसं स्मशानात आणि कब्रस्तानात पोहोचवली. त्यात मी तुम्हाला काही शिकवावं असं नाही. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या आठवड्यांबद्दल आणि नंतरच्या महिन्यांबद्दल. तेव्हा त्या घरात फारसं कुणी नसतं.

मी डॉक्टर नाही आणि आलिमाही नाही. मिरजेत शाळेत शिकवते. आम्ही सहा जणी आणि दोन मुलगे, घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे जातो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, पार कर्नाटकातून लोक इलाजाला येतात. इलाज संपला की डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." एवढंच. घरी नेऊन काय करायचं, हे कुणी सांगत नाही. ते न कळल्यामुळे मी माझ्या अब्बांशी जे वागले, त्यातून मी या कामात आले. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अब्बा शिंपीकाम करायचे. अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. रिपोर्ट आला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात आम्ही भावंडांनी ठरवलं की त्यांना सांगायचं नाही. "अल्सर आहे, दोन महिन्यांत बरे व्हाल." चाचांनाही तेच सांगायला लावलं, फुफूलाही. जो भेटायला येई त्याला दारातच गाठून मी पढवायचे. शेवटी अब्बांना पाणीसुद्धा गिळता येईना, तरी मी म्हणत होते, "ईदला तुम्हीच माझा ड्रेस शिवायचा." ते हसायचे. एकदा म्हणाले, "बेटा, जरा बस, हिशोबाचं बोलायचंय." मी म्हटलं, "असलं बोलायचं नाही, तुम्ही बरे होणार आहात." आणि उठून आत गेले. आत जाऊन रडले, पण त्यांना ते कुठं दिसलं? त्यांना फक्त माझी पाठ दिसली.

ते गेले. जनाजाच्या नमाजआधी भावानं सगळ्यांसमोर विचारलं, अब्बांकडे कुणाचं येणं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही देऊ. आपल्यात हे विचारतातच. कुणी पुढं आलं नाही. चार महिन्यांनी मशीनच्या ड्रॉवरमधून एक छोटी डायरी निघाली. त्यात अस्तर, बटणं, चेन यांच्या उधारीचे अकराशे रुपये लिहिलेले होते. मी पैसे घेऊन त्या कापडवाल्या शेठजींकडे गेले. ते म्हणाले, "पोरी, मला माहीत होतं कुणीतरी येणार. तुझ्या अब्बांनी चहावाल्या पोराकडून निरोप पाठवला होता. म्हणाले, मी आता जाणार, घरात बोलता येत नाही, डायरी सापडली की मुलं पैसे आणतील."

बघा. स्वतःच्या मौतीची गोष्ट माझ्या बापाला चहावाल्याच्या पोराला सांगावी लागली. घरात आम्ही पाच माणसं होतो.

त्यानंतर मी अनेक घरांत गेले आणि जवळजवळ प्रत्येक घरात उंबऱ्यावरच कुणीतरी हात धरून सांगतं, "त्यांना काही माहीत नाही हां, तुम्ही बोलू नका." आत गेल्यावर रुग्ण आमच्याकडे अशा नजरेनं बघतो, की त्याला सगळं माहीत आहे हे कळायला शिक्षण लागत नाही. तो घरच्यांना जपतोय, घरचे त्याला जपताहेत. या जपण्यात दोघंही एकटे पडतात. माझं म्हणणं असं नाही की जाऊन धाडकन सांगून टाका. आम्ही एवढंच विचारतो, "तुम्हाला तब्येतीबद्दल काय वाटतं?" आणि गप्प बसतो. ज्याला बोलायचं असतं तो बोलतो. कुणाला मुलीचं लग्न उरकायचं असतं, कुणाला अबोला धरलेल्या भावाला भेटायचं असतं, कुणाला फक्त कर्ज फेडायचं असतं. ज्याला बोलायचं नसतं तो म्हणतो, "बरं वाटेल हळूहळू." मग आपण क्रिकेटवर बोलायचं.

आता दुखण्याबद्दल. हे मला जरा जोर देऊन सांगायचंय, कारण आपल्यात दुखणं सोसण्याला फार मोठेपणा दिला जातो. "तकलीफनं गुनाह झडतात" असं म्हणून आम्ही अब्बांना धीर द्यायचो. त्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण स्वतःच्या दुखण्याबद्दल माणूस तसं मानतो ते वेगळं, आणि गोळी उपलब्ध असताना दुसऱ्याला तसं सांगणं वेगळं. मॉर्फिनची गोळी महाग नाही. आपल्या देशात ती मिळणं कठीण झालं ते 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे. परवाने इतके लागायचे की दवाखान्यांनी ती ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी सोपी झाली. तरी लोक घाबरतात. "अफू आहे, नशा लागेल, हराम आहे." कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी ही नशा नव्हे. आमच्या मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांना आम्ही हे विचारलं, तर ते म्हणाले, "इलाज आहे तो, यात विचारण्यासारखं काय आहे?" मग त्यांनीच एका घरी येऊन त्या चाचांच्या मुलाला समजावलं. आमच्या सांगण्यानं जे दोन आठवड्यांत झालं नव्हतं, ते दहा मिनिटांत झालं. म्हणून सांगते, मौलाना लोकांना विरोधक धरून चालू नका. आधी जाऊन विचारा.

या सगळ्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनमध्ये सिसिली सॉंडर्स यांनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथून आधुनिक काळातली ही चळवळ पसरली. आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं. पण मला तुमच्यासाठी महत्त्वाचं वाटतं ते केरळ. कोळिकोडला 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि साथीदारांनी वेदनाशमनाची सोसायटी सुरू केली. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं, की डॉक्टर कितीही असले तरी रुग्ण चोवीस तास असतो तो घरात आणि शेजाऱ्यांमध्ये. मग 2000 सालाच्या आसपास मलप्पुरम जिल्ह्यात वस्ती-वस्तीतल्या लोकांनाच तयार करायला सुरुवात झाली. मलप्पुरम म्हणजे मुस्लिमबहुल जिल्हा. रिक्षावाले, विद्यार्थी, शिक्षक, गृहिणी. अट काय, तर आठवड्यातून निदान दोन तास देता आले पाहिजेत. थोडं प्रशिक्षण, सोबत नर्स, आणि पैसा बहुतेक लोकांच्या छोट्या-छोट्या वर्गणीतून. रुग्ण कुठल्या धर्माचा हे तिथं विचारत नाहीत. 2008 मध्ये केरळ सरकारनं यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. तुमच्यासारख्या पोरांनी उभं केलेलं काम सरकारला मागून उचलावं लागलं. आपल्या मोहल्ल्यात चंदा गोळा करणं ही काही नवी गोष्ट नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दोन तासांत काय करायचं? बहुतेक वेळा काहीच मोठं नाही. एका घरात बायको सतरा रात्री धड झोपली नव्हती. आमच्यातली एक जण जाऊन नवऱ्याजवळ बसली आणि ती बाई शेजारच्या खोलीत चार तास झोपली. तिनं आजवर आमचं जे कौतुक केलंय ते त्या चार तासांचं. कुणाला सिलिंडर आणून हवा असतो, कुणाच्या मुलाला शाळेतून आणायचं असतं. "काही लागलं तर सांगा" असं म्हणून निघू नका. कुणी सांगत नाही. "उद्या दुपारी मी पोराला शाळेतून आणतो" असं सांगा आणि आणा.

अगदी शेवटच्या दिवसांत माणूस खायचं-प्यायचं कमी करतो. घरचे चमच्यानं दूध कोंबतात, "उपाशी कसं जाऊ द्यायचं?" म्हणून. शरीरालाच ते नको झालेलं असतं आणि कोंबलेलं घशात अडकतं. ओल्या कापसानं ओठ भिजवत राहावेत, झमझम असेल तर त्याचेच दोन थेंब. श्वासात घरघर येते, ती ऐकून घर घाबरतं. ती येऊ शकते हे आधी सांगून ठेवलेलं असलं तर लोक कमी घाबरतात. आणि रुग्णाला ऐकू येतंय असं धरूनच बोला. मी एका खोलीत मरणाऱ्या बाईच्या डोक्याशी दोन जावांना दागिन्यांवर बोलताना ऐकलंय.

तलकीनबद्दलही एक सांगते. जवळ बसून हळू आवाजात कलमा म्हणायचा, म्हणजे त्याला आठवेल. एवढंच ते आहे. आमच्याकडे मात्र पंधरा माणसं पलंगाला वेढा घालून ओरडतात, "कलमा पढो, कलमा पढो!" तो बिचारा श्वास घ्यायची धडपड करतोय. तगादा लावू नये, एकदा म्हटला असेल तर पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नये, हे आलिमच सांगतात. हाफिजसाहेब तर सरळ खिडकी उघडतात आणि चौदा जणांना बाहेर काढतात.

आता माझ्या अम्मीची गोष्ट.

अब्बांचा शेवटचा श्वास गेला आणि बायकांनी अम्मीला खांद्याला धरून बाजूला ओढलं. "आता निकाह तुटला, बघू नको, हात लावू नको." तिनं नऊ महिने त्यांची उलटी, लघवी सगळं स्वतःच्या हातानं काढलं होतं. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी तिथंच होते. मला वाटलं, असंच असेल, मोठ्या बायकांना जास्त कळतं. पुष्कळ वर्षांनी एकदा मटार सोलता सोलता अम्मी म्हणाली, "तोंड तरी मी धुतलं असतं गं त्यांचं." बाकी काही नाही. पुन्हा मटार सोलायला लागली.

मग मी वाचायला लागले. अस्मा बिन्त उमैस हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? तिचा पहिला नवरा जाफर बिन अबी तालिब. मूताच्या लढाईत ते मारले गेले. ती बातमी मदिनेत आली तेव्हा पैगंबरांनी लोकांना सांगितलं, की जाफरच्या घरी जेवण पाठवा, त्या घरावर आज असं काही कोसळलंय की त्यांना चूल सुचणार नाही. हे घर अस्माचं. पुढं तिचा निकाह हजरत अबू बकर यांच्याशी झाला. ते वारले तेव्हा त्यांचं गुसल कुणी केलं? त्यांच्या बायकोनं, याच अस्मानं. बायको नवऱ्याला गुसल देऊ शकते यावर फुकहांमध्ये वादच नाही. नवऱ्यानं बायकोला द्यावं का, यावर हनफी आणि शाफई यांच्यात मतभेद आहे. कोकणातले तुम्ही बहुतेक शाफई, घाटावरचे आम्ही हनफी. पण शेवटचं तोंड बघायलासुद्धा बंदी कुठल्या मसलकमध्ये आहे, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. ते आपण गल्लीत तयार केलंय.

गेल्या पावसाळ्यात एका घरी बायको वारली, आणि पंचाहत्तर वर्षांच्या चाचांना दाराबाहेर बसवून ठेवलं होतं. पन्नास वर्षांचा संसार. आम्ही हाफिजसाहेबांना फोन केला. ते आले, बायकांना आड व्हायला सांगितलं आणि चाचांना हाताला धरून आत नेलं. चाचा पाच मिनिटं आत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "चष्मा काढला होता तिचा. ओळखू येत नव्हती आधी."

जेवणाचं मघाशी निघालंच आहे. जाफरच्या घरी जेवण पाठवायचं होतं. आणि आपण काय करतो? तिसऱ्या दिवशी जियारतीला त्यांच्याकडे जेवून येतो. दहाव्याला, चाळिसाव्याला पुन्हा. देगी चढतात, मटणाचा भाव विचारला जातो, आणि जिचा नवरा गेला ती नणंदेला विचारते की तांदूळ किती लागतील. ऐपत असलेल्यांनी, मनापासून, गरिबांना खाऊ घालावं, माझी तक्रार नाही. पण इलाजात घर धुऊन निघालेल्या माणसाला "लोक काय म्हणतील" म्हणून कर्ज काढताना मी पाहिलंय. तुम्ही पोरं एक करू शकता. तीन दिवस त्या घरात चूल पेटणार नाही, हे गल्लीत वाटून घ्या आणि जियारतीला घरूनच जेवून जा. कुणाशी भांडायला नको.

लहान मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवून देतात. "अब्बा गावाला गेलेत." माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. सात-आठ महिने ती शाळा सुटल्यावर एसटी स्टँडच्या रस्त्यानं घरी जायची. का, ते मला फार उशिरा कळलं.

आणि नंतर काय? सगळ्यात जास्त माणूस लागतं ते चौथ्या दिवसापासून. इद्दतीचे चार महिने दहा दिवस. त्या बाईला घरात बसायचंय आणि नेमकी त्याच दिवसांत सगळी कागदपत्रं करायची असतात. निकडीच्या कामासाठी दिवसा बाहेर पडायला हरकत नाही, असं हनफी फिक्हमध्येही आहे, पण हे तिला सांगणार कोण आणि सोबत जाणार कोण? मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क आणि पुढं परवानग्यांचे हेलपाटे. दवाखान्यात मृत्यू झाला तर ते नमुना 4 भरून देतात, घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून 4-अ लागतो. म्हणून घरी ठेवलेल्या रुग्णाच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर रात्री दोनला सर्टिफिकेटसाठी दारं वाजवत फिरावं लागतं.

आणि नाव! हे आपलं खास दुखणं आहे. आधारवर "महंमद", बँकेत "मोहम्मद", दवाखान्याच्या पावतीवर "मो.", आडनाव कुठं "शेख", कुठं गाळलेलं, कुठं "शेक". दवाखान्यातला क्लार्क घाईत ऐकू येईल तसं लिहितो. एका बाईला नवऱ्याच्या पीएफसाठी चौदा महिने फिरावं लागलं, कारण मृत्यूच्या दाखल्यावर एक काना जास्त होता. तुमच्यातला एक जण त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीवर आधार कार्ड घेऊन उभा राहिला आणि अक्षर न् अक्षर तपासून घेतलं, तर तो कबरीवर मिट्टी देणाऱ्या शंभर जणांपेक्षा त्या बाईच्या जास्त उपयोगी पडेल. मला असं बोलल्याबद्दल माफ करा, पण मी चौदा महिने तिच्याबरोबर फिरलेय.

बिलासाठी मय्यत अडवून ठेवली तर आरडाओरडा करू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2018 मध्ये तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद मोबाइलमध्ये ठेवा. मृतदेह अडवता येत नाही, असं तिच्यात आहे. पोस्टमॉर्टेमची केस असेल तर दफन लांबतं म्हणून घरचे चिडतात. 2021 पासून सोय असलेल्या रुग्णालयात सूर्यास्तानंतरही ते करता येतं. खून, आत्महत्या अशा संशयाच्या केसेस सोडून. शांतपणे विचारायचं.

आता "सब्र करा" या दोन शब्दांवर येते. मी ते स्वतः म्हटलेत. एका आईला, तिचा बावीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला होता. मी तिचा हात धरून म्हटलं, "सब्र करा." ती म्हणाली, "तू कर ना." मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी नवल केलं, तेव्हा त्यांनी ही रहमत आहे असं सांगितलं. आम्ही मात्र रडणाऱ्या बाईला गप्प करायला चार जणी नेमतो. आणि मुलगा रडला तर, "मर्द आहेस ना?"

त्या आईकडे मी पुन्हा गेले, साधारण महिन्यानं. लाज वाटत होती. काय बोलू कळेना, म्हणून तिच्या मुलाचं नाव घेतलं आणि विचारलं, त्याला काय आवडायचं? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "महिना झाला, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मला त्रास होईल म्हणून." मग दीड तास ती बोलली. त्याची बाइक, त्याचा दहावीतला गणिताचा पेपर, कबुतरं. मध्ये हसलीसुद्धा. मी निघाले तेव्हा म्हणाली, "पुढच्या जुम्याला ये." मी तेव्हापासून जाते.

बरं, माझी वेळ संपली आहे, संयोजक घड्याळ दाखवतायत. आता दोन-दोन जण समोरासमोर बसा, ओळखीचा जोडीदार शक्यतो घेऊ नका. एकानं आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. दुसऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, आयत-हदीस सांगायची नाही, स्वतःची गोष्ट सुरू करायची नाही. फक्त ऐकायचं. कुणाला रडू आलं तर येऊ द्या. पाण्याचा माठ मागच्या दाराशी आहे.